सहा सदरे आणि एक मुकी बहीण

आज आपण एका कादंबरीबद्दल बोलणार आहोत. कादंबरी आपल्याकडची नाही, आयर्लंडच्या जंगलातली आहे. तिच्यात शाप आहे, जादू आहे, हंस झालेले भाऊ आहेत. पण ती संपल्यावर आमच्यात जो वाद रंगला, तो जादूवरून नव्हता. वाद होता एका साध्या प्रश्नावरून. बाईनं तोंडातून ब्र न काढता सोसलं, तर ती तिची ताकद म्हणायची की तिला झालेली शिक्षा? जगभरच्या वाचकांतही या पुस्तकावर याच प्रश्नावरून दोन तट पडलेले आहेत. म्हणून म्हटलं, हा वाद तुमच्यापुढे मांडावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. बोलण्याच्या ओघात एका अत्याचाराचा उल्लेख येणार आहे. आम्ही तपशिलात जाणार नाही, पण लहान मुलं जवळ असतील तर हे आवर्जून ध्यानात ठेवा.

आम्ही म्हणजे कोण? या केंद्रावर बोलणाऱ्या, आवाज मुद्रित करणाऱ्या आणि गटाच्या वह्या लिहिणाऱ्या आठ जणी. आमच्यातल्या एकीला इंग्रजी चांगलं येतं. तिनं रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचायचं आणि आम्हाला मराठीत सांगायचं, असं करत आम्ही हे जाडजूड पुस्तक पुरं केलं.

पुस्तकाचं नाव 'डॉटर ऑफ द फॉरेस्ट', म्हणजे अरण्याची लेक. लेखिका ज्युलिएट मॅरिलियर. त्यांचा जन्म न्यूझीलंडमधला आणि राहणं ऑस्ट्रेलियात. कादंबरी १९९९ साली आली आणि पुढे तिच्या मागोमाग त्याच घराण्याच्या आणखी कादंबऱ्या आल्या. २००१ साली अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेचा ॲलेक्स पुरस्कार तिला मिळाला. मोठ्यांसाठी लिहिलेलं, पण वयात येणाऱ्या मुलामुलींनाही भावेल अशा पुस्तकांना तो देतात.

आता गोष्ट ऐका. काळ साधारण अकराशे वर्षांपूर्वीचा. आयर्लंडमध्ये घनदाट अरण्यात एक गढी आहे. सात ओढे येऊन तिथल्या तळ्याला मिळतात, म्हणून गावाचं नाव सेव्हनवॉटर्स. गढीचा धनी कोलम. त्याला सहा मुलगे आणि सर्वांत धाकटी एक मुलगी, सोरखा. तिच्या जन्माच्या वेळीच आई गेली. बाप त्या दुःखात आणि समुद्रापलीकडच्या ब्रिटन लोकांशी चाललेल्या लढायांत बुडालेला. पोरीला वाढवलं ते सहा भावांनीच. सोरखाला झाडपाल्याचं औषध येतं. कुणाला ताप आला, कुणाची जखम चिघळली की सगळे तिच्याकडे येतात.

मग बाप दुसरं लग्न करतो. सावत्र आईचं नाव ऊना. ती चेटूक जाणणारी. एके दिवशी तळ्याच्या काठी ती सहाही भावांचे हंस करते. सोरखा तेवढी निसटते. अरण्यात तिला एक देवता भेटते आणि शाप उतरवण्याचा मार्ग सांगते. स्टारवर्ट नावाच्या काटेरी झाडाचे तंतू काढायचे, ते कातायचे, विणायचे आणि सहा भावांसाठी सहा सदरे शिवायचे. सगळं एकटीनं, आपल्या हातानं. आणि शेवटचा सदरा भावाच्या गळ्यात पडेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आपली कहाणी बोलून, गाऊन, कुठल्याच तऱ्हेनं कुणाला कळवायची नाही. वर्षातून दोनच रात्री भाऊ माणसं होऊन तिला भेटतील. एक रात्र उन्हाळ्याच्या ऐन मध्याची, दुसरी हिवाळ्याच्या. पहाट झाली की पुन्हा हंस.

पोर तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती अरण्यात एकटी राहून काम सुरू करते. तिथे तिच्यावर अत्याचार होतो. पुढे ब्रिटन लोकांचा एक सरदार तिला समुद्रापार आपल्या गढीवर नेतो. त्याचं नाव ह्यू, पण सगळे त्याला रेड म्हणतात. त्याचा भाऊ या आयरिश लोकांच्या मुलखात बेपत्ता झालेला असतो आणि सोरखाला त्याची काही खबर असेल असं त्याला वाटतं. शत्रूच्या घरात ही मुकी मुलगी काटे कातत बसते. लोक तिला चेटकीण म्हणू लागतात. तिचा जीव वाचावा म्हणून रेड तिच्याशी लग्न करतो. पण तो गावाला गेलेला असताना त्याचा मामा रिचर्ड तिला जिवंत जाळायची शिक्षा फर्मावतो. शेवट काय होतो ते पुढे सांगतो, कारण वाचकांची खरी भांडणं तिथेही आहेत.

ही गोष्ट लेखिकेनं पूर्णपणे मनानं रचलेली नाही. तिची मुळं दोन ठिकाणी आहेत. एक मूळ जर्मनीतलं. ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांचा जो संग्रह छापला, त्यात सहा हंसांची गोष्ट आहे. तिच्यातली बहीण सहा वर्षं बोलत नाही, हसत नाही आणि फुलांचे सदरे शिवते. डेन्मार्कच्या हान्स अँडरसननं १८३८ साली हीच गोष्ट अकरा भाऊ घालून लिहिली. त्यात सदरे आहेत चिडव्या झाडाचे, ज्याला हात लावला की आपल्या खाजकुयलीसारखी आग होते.

दुसरं मूळ आयर्लंडचं. केल्ट लोकांच्या जुन्या कथांत लिर नावाच्या राजाची गोष्ट आहे. त्याला चार लेकरं, थोरली मुलगी फिनूला आणि तीन मुलगे. सावत्र आई ईफा मत्सरानं चौघांचेही हंस करते. नऊशे वर्षं ती लेकरं पाण्यावर काढतात. तीनशे एका तळ्यावर, तीनशे थंडगार खवळत्या समुद्रात आणि तीनशे पश्चिमेच्या किनाऱ्याकडे. वादळात फिनूला भावांना आपल्या पंखांखाली घेते. आयर्लंडच्या लोकांना ही कथा इतकी जवळची आहे की स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मरणार्थ डब्लिन शहरात जी बाग आहे, तिथे १९७१ साली याच लेकरांचं मोठं शिल्प उभारलं.

आता यातला एक फरक बघा. आयर्लंडच्या कथेत हंस झालेल्या लेकरांचा आवाज शाबूत राहतो. ती बोलतात आणि इतकं गोड गातात की ऐकायला लोक काठावर जमतात. बहिणीनं मुकं राहायची अट तिथे नाहीच. ती आली जर्मनीच्या गोष्टीतून. म्हणजे मॅरिलियर बाईंनी माती घेतली आयर्लंडची. तिथलं अरण्य, तिथले सण, तिथले अरण्यात वावरणारे देवगण. आणि त्या मातीत लावली जर्मन गोष्टीतली मुकी बहीण. मौन ही निवड त्यांनी स्वतः केली. त्यामुळे त्याबद्दल त्यांना विचारायचा वाचकांना हक्क आहे.

वाचकांना काय आवडलं ते आधी सांगतो. बहुतेकांना सर्वांत भावतात ते कष्ट. परीकथेत हे सगळं एका ओळीत आटपतं. तिनं सहा सदरे शिवले, झालं. इथे एकेका सदऱ्याचा हिशेब आहे. काटे बोटांत रुततात, हात सुजतात, सांधे आखडतात. ज्या हातांनी ती नाजूक मुळ्या निवडायची, ते हात खडबडीत आणि वेडेवाकडे होतात. आमच्यात करडई काढायला जाणाऱ्या दोघी आहेत. त्या म्हणाल्या, गोष्टीतली राजकन्या पहिल्यांदाच आपल्यासारखी वाटली. एक जण म्हणाली, अंबाडीचा वाख काढणं काय असतं ते मला माहीत आहे. एकटीनं वाख काढून, कातून, विणून सहा माणसांचे कपडे करायचे म्हणजे जन्म जाईल.

दुसरं आवडलेलं म्हणजे भाऊ. सहाही जण वेगळे उभे केलेत. थोरला लियम जबाबदारीनं वागणारा, कॉनर शहाणा आणि जुन्या विद्येकडे ओढा असलेला, फिनबार अन्याय सहन न करणारा, धाकटा पॅड्रिक पाखरा-जनावरांत रमणारा. भाऊबहिणीची माया पानापानांत आहे. आणि तिसरी गोष्ट, रेड. तो तिच्याकडून उत्तराची जबरदस्ती करत नाही. ती पुरुषाच्या स्पर्शानं दचकते हे त्याच्या लक्षात येतं आणि तो अंतर राखतो. लग्न झालं तरी हक्क सांगत नाही. अनेक वाचक म्हणतात की यातलं प्रेम हळूहळू वाढतं म्हणूनच खरं वाटतं.

आता तक्रारी. पहिली, गोष्ट फार सावकाश चालते. कातणं, विणणं, पुन्हा कातणं. काहींनी कंटाळून मध्येच सोडली. आमचं यावर एकमत झालं की ज्याला कातणं माहीत आहे त्याला ती सावकाश वाटणार नाही.

दुसरी तक्रार ऊनाबद्दल. ती वाईट का आहे, हे पुस्तक नीट सांगत नाही. सावत्र आई म्हणून ती दुष्ट, एवढंच. पुढच्या भागांत तिच्या मुलाची कथा येते तेव्हा थोडं उलगडतं, पण या भागात नाही. ही तक्रार आम्हाला पटली. आपल्या गटांत नवऱ्याच्या पहिल्या बायकोची लेकरं पोटच्यासारखी वाढवलेल्या बाया आहेत. गोष्टी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांना एकच सोंग देतात. शिवाय आमच्यातल्या एकीनं चांगला मुद्दा काढला. ती म्हणाली, सगळे ऊनाला शिव्या देतात, पण त्या बापाचं काय? सात लेकरांचा बाप, पोरी-पोरांकडे बघायला त्याला सवड नव्हती. चेटूक नंतर आलं, दुर्लक्ष आधीचं होतं.

तिसरी तक्रार गंभीर आहे. अरण्यातला अत्याचार. जुन्या कथेत तो नाही. काही वाचक विचारतात, मग घातलाच कशाला? बाईची कसोटी दाखवायची म्हटलं की दर वेळी हेच का? काहींनी तिथेच पुस्तक मिटलं आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. उलट बाजूचे वाचक म्हणतात की लेखिकेनं तो प्रसंग चवीनं लिहिलेला नाही आणि प्रसंग झाला, पान उलटलं, असंही केलेलं नाही. त्याची भीती पुढे शेकडो पानं त्या मुलीच्या अंगात राहते. झोपेत राहते, कुणी जवळ आलं की राहते. तिची काही चूक होती असं पुस्तक एकदाही सुचवत नाही. आमच्यात याबाबत एकमत झालं नाही. तिघींना तो प्रसंग नको होता. बाकीच्या म्हणाल्या की जे घडतं ते गोष्टीत यायलाच हवं, मात्र असंच जबाबदारीनं. पुस्तक शाळकरी पोरींच्या हाती देताना आधी हे सांगून द्यावं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

आता मूळ वादाकडे येऊ. सोरखाचं मौन.

एका बाजूचे वाचक म्हणतात, काय ही निष्ठा! देह मोडला, घर सुटलं, चिता रचली गेली, तरी पोरीनं तोंड उघडलं नाही. केवढी ताकद! दुसऱ्या बाजूचे म्हणतात, थांबा. बाईनं सोसावं, गप्प राहावं, भावांसाठी आणि घरासाठी स्वतःला झिजवावं, हेच तर आजवर शिकवत आले. त्याला जादूचं सोनेरी वेष्टन घातलं म्हणून ते वेगळं होतं का?

आमच्याकडे हा वाद दोन संध्याकाळी चालला. कारण दोन्ही बाजू आपल्या घरातल्याच आहेत. 'सोसलं म्हणून संसार टिकला' असं अभिमानानं सांगणाऱ्या आत्याबाई आपण पाहिल्यात. आणि बोलली नाही म्हणून संपून गेलेली कुणाची तरी लेकही आपल्याला माहीत आहे.

बोलता बोलता आम्हाला जे सापडलं ते सांगतो. पटतं का बघा.

पहिली गोष्ट. सोरखाचं मौन तिनं स्वतः पत्करलेलं आहे. अट काय, काम काय, बदल्यात काय मिळणार, हे तिला आधी सांगितलेलं होतं. आणि त्या मौनाला शेवट होता. सहा सदरे झाले की संपलं. आपल्या बायांना जे गप्प बसायला सांगतात त्याला शेवट असतो का? कितवा सदरा झाला की तिनं बोलायचं, हे कुणी सांगतं का? तिथे मोजमाप नाही, म्हणून तो वनवास संपतच नाही. तेव्हा सोरखाकडे बोट दाखवून 'बघ, ती कशी गप्प राहिली' असं कुणी म्हणालं, तर तिचा शाप कोणता होता आणि तो कधी उतरणार होता, हे त्याला विचारायचं.

दुसरी गोष्ट. मौनामुळे काय काय बिघडलं, हेही पुस्तक लपवत नाही. ती बोलू शकत नाही म्हणून आपला अपराध नाही हे सांगू शकत नाही. ती बोलू शकत नाही म्हणून रिचर्डला तिच्यावर हवा तो आळ घेता येतो. गप्प बसलेल्या बाईबद्दल दुसरेच बोलतात आणि तेच खरं ठरतं. चितेपर्यंत तिला नेलं ते याच गोष्टीनं.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटली. ही अख्खी कादंबरी सोरखा स्वतः सांगते. 'मी' म्हणून सांगते. जिला बोलायची बंदी होती, तिच्याच तोंडून आपण सगळं ऐकतो. काटे, थंडी, भीती, अरण्यातला तो दिवस, भावांचा राग, रेडवरचं प्रेम, काही राहत नाही. शाप उतरल्यावर गप्प राहायचं तिला कारण उरत नाही आणि ती राहत नाही. जुन्या परीकथेत बहिणीबद्दल दुसरंच कुणी सांगत असे. इथे ती सांगते. मौनाची थोरवी गाणाऱ्या वाचकांच्या नजरेतून हेच निसटतं, असं आम्हाला वाटतं. मुकेपणा हा या गोष्टीतला शाप आहे. बोलणं हे शाप उतरल्याची खूण आहे.

म्हणून इथे कादंबरी क्षणभर बाजूला ठेवून दोन कामाच्या गोष्टी सांगतो. आपल्यावर कसली अट नाही. अत्याचाराची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडलेला असला तरीही. दवाखाना सरकारी असो की खासगी, अत्याचार झालेल्या बाईवर तातडीचे उपचार मोफत करणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिचं नाव छापायला, जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे. मदतीसाठी महिलांचा फोन क्रमांक १८१, तातडीसाठी ११२ आणि लेकरांसाठी १०९८. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हे तीन क्रमांक लिहून ठेवा.

आता गोष्टीचा शेवट. सोरखा चितेपाशीसुद्धा सदरे सोडत नाही. हंस येतात. ती एकेकाच्या अंगावर सदरा टाकते आणि एकेक भाऊ माणूस होऊन उभा राहतो. पण सहाव्या सदऱ्याची एक बाही पुरी व्हायची राहिलेली असते. तो सदरा फिनबारला येतो. तो माणूस होतो, पण एका हाताच्या जागी हंसाचा पंख कायमचा राहतो.

काही वाचकांना हा शेवट डाचतो. एवढं सोसल्यावर पोरीला पुरं यश द्यायला काय हरकत होती? शिवाय घरी परतल्यावरही सगळं आधीसारखं होत नाही. बाप खचलेला, भावांमध्ये आत काहीतरी तुटलेलं, फिनबार माणसांपासून दुरावलेला. आम्हाला मात्र हा शेवट खरा वाटला. संकट टळलं तरी त्याची खूण मागे राहतेच. दुष्काळ सरतो, पण विकलेली गाय परत येत नाही. आणि एक गोष्ट चांगलीही घडते. सोरखा माहेरी परतते तेव्हा रेड आपली गढी भावाच्या हवाली करून तिच्या मागोमाग आयर्लंडला येतो आणि तिच्या माणसांत राहतो. बाईनं घर सोडायचं, हा रिवाज इथे उलटा झाला. आमच्यातल्या नव्या सूनबाईला पुस्तकातलं सर्वांत आवडलेलं काय, तर हेच. ती म्हणाली, हंसाचा माणूस झाला यावर माझा लगेच विश्वास बसला, पण नवरा सासुरवाडीला राहायला आला यावर बसायला वेळ लागला. त्यावर आम्ही खूप हसलो.

तर मैत्रिणींनो, आमच्या आठ जणींची मतं तुम्ही ऐकलीत. ती तुमची असावीत असं मुळीच नाही. महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की अर्धा तास काढा. एकीनं ही गोष्ट सांगावी आणि तीन प्रश्नांवर बोलावं. सोरखाच्या जागी तुम्ही असता तर अट मान्य केली असती का? सहा भावांपैकी एकाला शाप मिळाला नसता आणि काम त्याच्यावर आलं असतं, तर गोष्ट कशी झाली असती? आणि आपल्या गावात कोणत्या गोष्टीवर बायांनी अजून बोललेलं नाही?

तिसऱ्या प्रश्नावर बैठक शांत झाली तर घाई करू नका. पहिली बाई बोलायला वेळ लागतो. ती बोलली की तिला मध्येच तोडू नका आणि तिचं बोलणं बैठकीबाहेर नेऊ नका. पहिल्या दोन प्रश्नांवरची तुमची मतं मात्र आम्हाला जरूर कळवा. पत्रानं कळवा किंवा केंद्रावर येऊन सांगा. ती आम्ही पुढच्या भागात वाचून दाखवू.